गिऱ्हाईक घडवताना

'आई', 'बाबा' हे शब्द मूल आपलं आपण शिकतं, त्यात तुमचं कर्तृत्व नाही. तिसरा शब्द मात्र बिस्किटाच्या कंपनीचा असला पाहिजे. त्यासाठी भरवताना समोर मोबाईल धरा. घास संध्याकाळपर्यंत जिरतो, जाहिरात राहते.

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकून मूल उंडा पावासाठी फाटकाकडे धावत असेल तर वेळीच सावध व्हा. उंड्याला ना वेष्टन, ना आत खेळणं. त्यावर वाढलेलं पोर उद्या बाजारात कसं टिकणार?

दर शनिवारी त्याला सुपरमार्केटात न्या. बिलाच्या काउंटरपाशी चॉकलेटं तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर मांडलेली असतात, ती काही तुमच्यासाठी नव्हेत. तिथे रांग लांब असावी. आमचा पुतण्या फोंड्यात अशाच एका रांगेत फरशीवर आडवा पडला. एक चप्पल ट्रॉलीखाली, एक पायात. रडणं टिपेला, पण एक डोळा किलकिला, काकाचा हात खिशाकडे वळतो का बघायला. मागच्या बाई म्हणाल्या, "द्या हो, लहान आहे." दिलं. आतलं खेळणं पार्किंगपर्यंत टिकलं. (मला ते दुरुस्त करायलाही सांगितलं गेलं.)

कायद्याला घाबरू नका. 'विकत घ्या' किंवा 'आईबाबांना घ्यायला लावा' असं मुलांना थेट सांगू नये, वस्तू नसली तर मित्र हसतील असं सुचवू नये, हे केंद्र सरकारच्या २०२२च्या नियमांत लिहिलं आहे. जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात दाखवायची नाही, हेही आहे. पण क्रिकेटचा सामना थोडाच मुलांचा कार्यक्रम असतो? तो सगळ्या घराने एकत्र बसून बघावा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत जास्त मीठ, साखर, चरबीचं खाणं विकायचं नाही, असाही २०२०चा नियम आहे. एक्कावन्नावा मीटर मोकळा आहे. तेवढाच मुलाला व्यायाम.

स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरातच करता येत नाही. बिचारी पोरं! हट्ट कशाचा करायचा, हेही त्यांना स्वतःच शोधावं लागत असणार.

आजी-आजोबांचा अडथळा होईल, विशेषतः चवथीला. गेल्या खेपेला आज्जी गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधत होती. तोरिंग, कांगलां, सुपारीचा घड, एकेकाचं नाव सांगत ती नातवाच्या हातात फळ देत होती. त्याने तोरिंग उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचा कोड कुठे असतो?"

आज्जी म्हणाली, "कसला कोड, बाबा? परसातलं आहे."

तो खजील झाला. परत ठेवताना त्याने ते जरा लांबच ठेवलं.