आय सेव्हन नको, वॅट विचारा

बारावीचा निकाल लागून कॅपचे (इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे) राऊंड सुरू झाले की माझ्या इनबॉक्समध्ये एकच मेसेज यायला लागतो, "दादा ७० हजारात आय सेव्हन गेमिंग लॅपटॉप सांगा." मग उसाचं बिल जमा झालं की परत तोच मेसेज, फक्त माणसं वेगळी. दरवेळी टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतोय, पोस्ट लई लांब होणार आहे, ज्यांना घ्यायचा नाही त्यांनी खुशाल पुढं स्क्रोल करावं.

पहिलं ते आय सेव्हनचं खूळ डोक्यातनं काढा. आपल्याकडं शेजारच्यानं आय फाईव्ह घेतला की आपण आय सेव्हनच घ्यायचा, हे ठरलेलं. आणि दुकानदारालाही तेच बरं पडतं, "काका हा आय सेव्हन आहे, चार वर्षं बघायला नको" म्हटलं की काकांनी कार्ड काढलंच म्हणून समजा. पण भावांनो आय सेव्हन १३५५यू हा पातळ, ऑफिसच्या लॅपटॉपमधला १५ वॅटचा प्रोसेसर आहे (वॅट म्हणजे किती वीज ओढू शकतो, जेवढी जास्त तेवढा दम), आणि आय फाईव्ह १२४५०एच हा ४५ वॅटचा, त्याच्यासोबत बहुतेक वेळा वेगळं ग्राफिक्स कार्ड येतं. साधारण सारख्याच पैशात हे दोन समोर ठेवले तर गेमसाठी आय फाईव्हवाला आय सेव्हनला धुऊन काढतो. शेवटचं अक्षर बघायचं, यू असलं तर बॅटरी वाचवणारा, एच असलं तर दम असलेला. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये अजून मजा आहे, ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २ (झेन म्हणजे प्रोसेसरच्या आतलं डिझाईन, पुढचा आकडा त्याची पिढी), म्हणजे २०१९ चं डिझाईन नवीन नाव लावून. ७५३५एचएस मध्ये ३, म्हणजे झेन ३ प्लस, तो गेमिंगला चालतो.

आता माझं मत, आणि यावर कुणी कितीही वाद घातला तरी मी हलणार नाही. लॅपटॉपमध्ये जे नंतर बदलता येत नाही त्याच्यावर पैसे घाला. ग्राफिक्स कार्ड बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं, ते बदलत नाही. कूलिंग बदलत नाही. स्क्रीन बदलता येते पण तो खर्च ऐकून तुम्हीच नको म्हणाल. रॅम आणि एसएसडी (फाईली साठवायची डिस्क) मात्र स्क्रू काढून वाढवता येते (बहुतेक मॉडेलला, घ्यायच्या आधी रॅमचे स्लॉट आहेत का सोल्डर आहे तेवढं विचारा).

कार्डात सगळ्यात मोठी फसगत होते ती वॅटमध्ये. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपवालं कार्ड एनव्हिडियाच्या स्पेकप्रमाणं ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कसंही बसवता येतं, ४०५० तर ३५ ते ११५. स्टिकर सेम, नाव सेम, बॉक्सवर मोठ्या अक्षरात आरटीएक्स, आणि एक पोरगं ७० एफपीएसवर (सेकंदाला ७० फ्रेम) खेळतंय तर दुसरं तोच गेम तीच सेटिंग लावून चाळिशीत रखडतंय. कारण काय तर कंपनीनं पातळ बॉडीत गरम होऊ नये म्हणून कार्डाचा गळा आवळलाय. ही गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरात असते नाहीतर नसतेच. दुकानात डेमो पीस चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, हेल्पमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन, तिथं मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून आकडा येतो. कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानात मी हे उघडून बघायला लागलो तर तिथला पोरगा म्हणाला "सर ते काय असतंय?" आणि तो रोज तेच विकतोय! असो, त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ३०५० असेल तर ७० वॅटच्या आसपास पाहिजे, ४०५० असेल तर ८०-९० च्या वर. शंभरच्या पुढं ४०५० ला तसा फारसा फरक पडत नाही, त्यामुळं ११५ च पाहिजे म्हणून अडून बसू नका.

आरटीएक्स २०५० चं नाव काढू नका. नावावरनं वाटतं ३०५० च्या एकच पायरी खाली, पण त्याचा मेमरी बस (कार्ड आणि त्याच्या मेमरीमधला रस्ता) ६४ बिटचा, ३०५० च्या ४ जीबीवाल्याचा १२८. आणि ४ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आता नवीन गेमला कमी पडायला लागलीय, टेक्श्चर हाय केलं की अडखळतंच, त्यामुळं ३०५० घेणार असाल तर ६ जीबीवालं बघा. बजेट अजून थोडं ताणता येत असेल, सेलमध्ये थांबायची तयारी असेल, तर ४०५०. त्यात ६ जीबीच आहे पण डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन मिळतं, म्हणजे कार्ड मधल्या जादा फ्रेम स्वतः तयार करतं.

रॅमचं सांगतो. आधी मी बिनधास्त सांगायचो की ८ जीबीवाला घ्या, पैसे वाचवा, दिवाळीला अजून एक ८ ची काडी टाका. पण २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले की आता तो हिशोब बसत नाही. आता १६ आलेलाच घ्या. आणि ते १६ एका काडीत आहे का दोन काड्यांत ते बघा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्लॉट्स यूज्ड दिसतं. दोन काड्या असल्या तर ड्युअल चॅनेल चालतं आणि काही गेममध्ये एफपीएस चांगलेच वाढतात, फुकटात.

एसएसडी ५१२ जीबी म्हणजे विंडोजमध्ये ४७६ च दिसतंय, त्यातनं विंडोज, कॉलेजचं सॉफ्टवेअर, आणि रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम एकटाच १५० जीबी मागतो. पण हे नंतर बघता येतं.

आता उन्हाळा. संध्याकाळी मी शाहूपुरीत मित्राच्या रिपेअरिंगच्या दुकानात बसलेलो असतो. तिथं शिरोली एमआयडीसीकडच्या एका पोराचा लॅपटॉप आला, तक्रार काय तर "दहा मिनिटं खेळलं की गेम चिकटतोय." मित्रानं खालचं झाकण काढलं, फॅन बाजूला केला, तर हीटसिंकच्या जाळीवर काळी धूळ अशी जमलेली की चिमट्यानं धरून ओढली तर घोंगडीच्या तुकड्यासारखी अखंड निघाली. घराच्या मागंच फाउंड्री, लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायचं, हवा आत जाणार कुठनं? साफ केलं, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवीन लावली, झालं, चालला की. त्याच्या वडिलांनी तोवर नवीन लॅपटॉपची चौकशी सुरू केलेली. त्यामुळं घेतानाच मागच्या बाजूला हवा जायला जाळ्या मोठ्या आहेत का, फॅन दोन आहेत का हे बघा, आणि लॅपटॉप जाड दिसतोय म्हणून नाक मुरडू नका, गेमिंगमध्ये जाडच बरा. आणि दिवे गेल्यावर बॅटरीवर खेळणार असाल तर विसरा, बॅटरीवर कार्डाला पुरते वॅटच मिळत नाहीत.

स्क्रीनबद्दल एवढंच, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) आता बहुतेकांना असतो, पण ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलं असेल तर रंग फिके येणार. नुसतं खेळणार असाल तर चालवून घ्या, एडिटिंग करून चार पैसे कमवायचे असतील तर १०० टक्के एसआरजीबीच (हेही रंगांचंच माप).

आता मुख्य प्रश्न जो कुणी स्वतःला विचारतच नाही, तुम्ही खेळणार काय? शाहू स्टेडियमवर पीटीएम-खंडोबाची फुटबॉल मॅच बघून यायचं आणि रात्री दोस्तांबरोबर एफसी हा फुटबॉलचा गेम लावायचं, एवढंच असेल तर ईए एफसी २५ च्या मिनिममला जीटीएक्स १०५० टीआय लिहिलंय, त्यासाठी ४०६० घेऊन काय करणार? व्हॅलोरंट हा गेम तर वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही चालतो. आणि जी पोरं घरी "जीटीए ६ साठी पाहिजे" म्हणायला लागलीत त्यांच्यासाठी खास, त्याची घोषणा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसची आहे, पीसीची तारीख आलेली नाही. घरी ऑटोकॅडचंच कारण सांगा, ते निदान खरं तरी आहे.

सेकंडहँडवाल्यांनो, २५-३० हजारात जीटीएक्स १६५० कार्डवाले लॅपटॉप फिरत असतात. जुने गेम, काउंटर स्ट्राईक, सगळं चालेल. पण डूम द डार्क एजेससारखे गेम रे ट्रेसिंगवालं (गेममधला उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवणारं) कार्ड असल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तिथं १६५० चा नाद संपला. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, तेव्हा इंटेल आठव्या जनरेशनच्या आधीचं काही घेऊ नका, कितीही चकाचक दिसलं तरी.

नो कॉस्ट ईएमआयवर पण एक. व्याज डिस्काउंट म्हणून वळतं करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच कार्डावर पडते. रक्कम मोठी नसते पण पहिलं स्टेटमेंट आल्यावर घरी बोलणी तुम्हालाच खावी लागतात.

ज्यांचा मुलगा घरीच राहणार आहे, रोज बॅग उचलून गोकुळ शिरगावला नाहीतर कसबा बावड्याला कॉलेजला जाणार नाही, त्यांनी डेस्कटॉपचा विचार करा, तेवढ्याच पैशात जास्त दम मिळतो आणि पुढं कार्डही बदलता येतं. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही.

काही विचारायचं असेल तर खाली बजेट आणि रोज खेळायचे दोन गेम, दोन्ही लिहा. नुसतं "भावा बेस्ट सांग" लिहिणाऱ्याला मी फक्त अंगठा देणार.