फोटो असताना माणूस कशाला उभा करायचा?

दादा, तुमचं म्हणणं असं की मोबाईलमध्ये फोटो काढता येतो, मग चित्रासाठी गरीब हमालाला दोन-दोन तास उघड्या अंगानं का ताटकळत ठेवायचं. अजिंठ्यावाल्यांनी कुठं मॉडेल बसवलं होतं?

ताटकळण्याचं खरंय. मेमध्ये, परभणीतल्या पत्र्याच्या खोलीत, मी त्या हमाल काकांना पाऊण तास हलू दिलं नव्हतं. त्यांना भोवळ आली. माठाजवळ बसवलं तर म्हणाले, ‘पोतं उचलणं सोपंय, गप उभं राहणं अवघड.’ तेव्हापासून वीस मिनिटं पोझ, मग आराम. मोंढ्यातली हजेरी बुडते तेवढे पैसे आधी हातात. पावलांभोवती खडूची रेघ मारतो, म्हणजे चहा पिऊन आले की तिथंच उभं राहता येतं. (उघडं अंग म्हणजे बंडी काढलेली, एवढंच. पटका काढायला त्यांनी साफ नकार दिला.)

फोटोचं मात्र पटत नाही. काढून बघितलाय. खोली लहान, मोबाईल जवळ. पुढं आलेला हात डोक्याएवढा झाला आणि सावल्या नुसत्या काळ्या. प्रत्यक्षात हनुवटीखाली काळं काही नव्हतंच, खालच्या हिरव्या जाजमाची झाक गळ्यावर चढली होती. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंगात) चिमूटभर हिरवा घातला तेव्हा कुठं तो गळा वाटायला लागला.

आणि भार. काका एका पायावर रेलून उभे राहतात. गवंड्याचा ओळंबा त्यांच्या गळ्याच्या खळगीच्या रेषेत धरला, तर दोरी उजव्या घोट्यावर उतरली; त्या बाजूची कंबर वर, खांदा खाली. पाय भरून आला की दोरी सरकते, मलाही रेघ पुसावी लागते. त्या पुसापुशीतच मला भार कळायला लागला.

अजिंठ्याचं म्हणाल तर, पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व ठरीव त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी वळलेल्या पोझमध्ये आहे, कबूल. पण यशोधर पंडितानं कामसूत्रावरच्या भाष्यात चित्राची सहा अंगं सांगितली, त्यांत ‘प्रमाण’ आहे तसं ‘सादृश्य’, म्हणजे समोरच्याशी साम्य, हेही आहे. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतला शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून तिथली मुलं घेऊन त्या चित्रांच्या नकला करत होता. फोटोग्राफी तेव्हाही होती. रंगासाठी भिंतीसमोरच बसावं लागलं.

रविवारी सकाळी या. काका दर वेळी चित्र बघून एकच विचारतात, ‘माझं नाक एवढं मोठंय का?’ एकदा तुम्ही उत्तर द्या.