डिपेंडंट व्हिसा ‘आपोआप’ होत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला टोरांटोची नोकरी लागली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांचे गुच्छ, पेढे, ‘नाव काढलंस पोरी’ असं सगळं चालू असताना एका काकांनी तो मेसेज टाकला. ‘बाहेर नोकरी लागलेल्यांसाठी अत्यंत उपयुक्त, जपून ठेवा.’ शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर असा तो मला याआधी तीनदा आलाय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ऑफर लेटर आलं की जोडीदाराचा व्हिसा, म्हणजे डिपेंडंट व्हिसा, आपोआप होतो, कंपनी सगळं बघते. डिपेंडंट व्हिसावर जोडीदारालाही काम करता येतं. घाई असेल तर त्याला टुरिस्ट व्हिसावर न्यावं, तिकडे बदलून मिळतो. बायकोने आधी पासपोर्टवर सासरचं नाव लावून घ्यावं, नाहीतर अर्ज फेटाळतात. लग्नाचा दाखला नसेल तर पत्रिका आणि फोटो चालतात. आणि जोडीदाराने वेळ न दवडता राजीनामा देऊन टाकावा.

काकांवर राग नाही, त्यांनी चांगल्या मनानेच पाठवला. पण यातल्या पहिल्या दोन वाक्यांवर विसंबून मी दोन वर्षं सिंगापूरला घरी बसून काढली आहेत. तेव्हा नुसता हात जोडलेला इमोजी टाकून मला पुढे जाता येईना.

‘कंपनी सगळं बघते.’ २०२२ मध्ये माझ्या नवऱ्याला तिकडची ऑफर आली तेव्हा एचआरच्या बाईंनी फोनवर हेच सांगितलं होतं, आणि खोटंही नव्हतं ते. सिंगापूरला डिपेंडंट पासचा अर्ज कंपनीच करते. नवऱ्याचा पगार महिना निदान सहा हजार सिंगापूर डॉलर असला, लग्नाचा दाखला दिला, की काम होतं. माझा पास तीन आठवड्यांत आला. पण कंपनीने बघितला तो माझा राहण्याचा पास. मी तिथे काम करू शकते का, हे कुणी बघितलं नाही, कारण ते बघणं कुणाचं कामच नव्हतं.

आणि बाकीच्या देशांत एवढंही होतंच असं नाही. अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसासाठी कंपनी जी पिटिशन भरते ती फक्त कर्मचाऱ्याची असते. बायकोचा एच-फोर, म्हणजे तिकडचा डिपेंडंट व्हिसा, हा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी मुलाखत. ब्रिटनमध्ये कंपनी स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट देते तेही एकट्या कर्मचाऱ्याच्या नावाने. जोडीदाराने स्वतः अर्ज करायचा आणि त्यासोबत तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार एकरकमी भरायचा. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो माणशी वर्षाला १,०३५ पौंड आहे. तीन वर्षांचा व्हिसा म्हणजे एकट्या जोडीदाराचे ३,१०५ पौंड, आपले साडेतीन लाखांच्या वर, तेही विमानाचं तिकीट काढायच्या आधी. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याचा अधिभार भरतात आणि जोडीदाराचा भरत नाहीत. ‘रिलोकेशन पॅकेज’ हा शब्द ऐकून आपण खूश होतो, त्याच्या पोटात काय आहे ते विचारत नाही.

‘डिपेंडंट व्हिसावर जोडीदारालाही काम करता येतं.’ इथे मला जरा सविस्तर बोलू द्या.

मी अंधेरीला बारा वर्षं अकाउंट्समध्ये होते. सिंगापूरला पोचल्यावर दुसऱ्या महिन्यात एका छोट्या शिपिंग कंपनीत मुलाखत झाली. चांगली झाली. समोरच्या बाई वहीत काहीतरी लिहून घेत होत्या, पगाराचा आकडाही निघाला. शेवटी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, तुमचा पास कुठला? मी म्हटलं, डीपी. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या पेनचा टेबलावर झालेला बारीकसा आवाज मला अजून आठवतो.

झालं होतं असं की पूर्वी डिपेंडंट पासवाल्यांना लेटर ऑफ कन्सेंट नावाचं एक पत्र मिळायचं. कंपनीने अर्ज केला की पत्र, पत्र आलं की नोकरी. आमच्या ओळखीतल्या सगळ्या बायका त्याच पत्रावर कामाला लागल्या होत्या, आणि म्हणून सगळ्यांनी मला ‘अगं, मिळतं’ असंच सांगितलं. १ मे २०२१ पासून नोकरीसाठी ते बंद झालं. आता जोडीदाराला नोकरी हवी तर त्याने स्वतःच्या लायकीवर एम्प्लॉयमेंट पास किंवा एस पास यांसारखा कामाचा परवाना मिळवायचा. पहिल्याला पगाराची किमान अट, दुसऱ्याला शिवाय कंपनीचा परदेशी माणसांचा कोटा. त्या शिपिंग कंपनीचा कोटा भरलेला होता. मला माहिती देणाऱ्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्यांची माहिती दोन-चार वर्षं जुनी होती, एवढंच. या विषयात तेवढ्याने घात होतो.

शिवाय उत्तर नुसतं देशाप्रमाणे बदलतं असंही नाही, ते पासाप्रमाणेही बदलतं. पवईच्या एखाद्या कंपनीतले एकाच मजल्यावरचे दोघे घ्या. दोघेही अमेरिकेला निघाले, एक कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-वनवर, दुसरा एच-वन-बीवर. पहिल्याच्या बायकोला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना लागत नाही. विमानतळावर तिच्या नोंदीत एल-टू-एस (एल-वनवाल्याचा जोडीदार) असं आलं की ती दुसऱ्या दिवशी नोकरी धरू शकते. दुसऱ्याची बायको एच-फोरवर. तिला काम करायचं तर आधी नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या वाटेतला आय-१४० हा कंपनीचा अर्ज मंजूर व्हायला हवा किंवा त्याची एच-वन-बीची सहा वर्षं उलटून खास मुदतवाढ मिळालेली हवी, मग तिने परवान्याचा अर्ज करायचा. ही सोयसुद्धा २६ मे २०१५ पासूनची, त्याआधी तीही नव्हती. आणि आय-१४० कधी भरायचा हे कंपनी ठरवते. म्हणजे बायकोची नोकरी नवऱ्याच्या मॅनेजरच्या मर्जीवर. तरी ऑफर घेताना ‘ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार?’ हे विचारायला आपल्या मुलांना लाज वाटते. जॉइनिंग बोनस मात्र बरोबर विचारतात.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर या कामाच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं, हे खरं. पण आधी जोडीदाराला नेता यायला हवं. केअर वर्कर, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेणारे, म्हणून ११ मार्च २०२४ नंतर अर्ज केलेल्यांना नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही, आणि जुलै २०२५ पासून तर परदेशातून त्या कामावर नवी भरतीच थांबली. नर्स म्हणून गेलेलीला नेता येतं. हॉस्पिटलच्या गणवेशात दोघी सारख्याच दिसतात, कागदावर मात्र एकीचा संसार सोबत आणि दुसरीचा व्हिडिओ कॉलवर.

नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया इथे मेसेज बरोबर आहे. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित नोकरदारांचा तिथला परवाना) जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, आणि व्हिसासाठी त्याला जर्मन भाषेची ए-वन ही प्राथमिक परीक्षाही लागत नाही. मी ओळखते अशा एकीने त्या परीक्षेसाठी काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात चार महिने फेऱ्या मारल्या आणि मग तिला कळलं की तिच्या नवऱ्याचं ब्लू कार्ड आहे. भाषा शिकली ते फुकट गेलं नाही म्हणा, पण त्यापायी संसार चार महिने दोन देशांत राहिला.

‘टुरिस्ट व्हिसावर न्यावं, तिकडे बदलून मिळतो.’ हे वाक्य दुबईहून आलेलं असणार, अशी माझी खात्री आहे. तिकडे व्हिजिट व्हिसावर आत जाऊन फी भरून निवासी व्हिसा करून घेता येतो, आणि आपल्याकडच्या निम्म्या घरांचा परदेशाचा अनुभव आखातातलाच असतो. पण तो इतरत्र चालत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्याला आतून डिपेंडंट होता येत नाही, परत येऊन इथूनच अर्ज करावा लागतो. जर्मनीसाठी आपल्याला साधारणपणे इथूनच नॅशनल व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामाचा व्हिसा, घेऊन निघावं लागतं, शेंगेन टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे मांडी ठोकता येत नाही. अमेरिकेत बी-टू या टुरिस्ट व्हिसावरून एच-फोरला जाण्याचा अर्ज कागदोपत्री आहे. पण ‘फिरायला चाललेय’ असं अधिकाऱ्याला सांगून राहायच्या तयारीने गेलात, तर ती खोटी माहिती ठरू शकते, आणि तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर दिसतो. बरं, अर्ज मंजूर झाला तरी पुढे भाच्याच्या मुंजीला मुंबईत आलात की परत जाताना एच-फोरचा शिक्का इथूनच घ्यायचा. वांद्रे-कुर्ला संकुलातली रांग चुकत नाही, पुढे ढकलली जाते.

पासपोर्टवरच्या सासरच्या नावाबद्दल एका ओळीत: सक्ती नाही. लग्नानंतर नाव बदला असं कुठलाही कायदा म्हणत नाही, आणि डिसेंबर २०१६ च्या बदलांनंतर पासपोर्ट काढताना लग्नाचा दाखलाही सरसकट मागत नाहीत. व्हिसा अधिकाऱ्याला नातं बघायचं असतं, आणि ते दाखल्यावरून कळतं. उलट ऐन वेळी नाव बदललं की पदवी एका नावाने, पॅन दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. तिकडे नोकरी शोधताना ती पदवी माझीच हे सिद्ध करत बसा.

खरी अडचण आडनावाची नसतेच, मधल्या नावाची असते. आपल्याकडे लग्नाआधी मध्ये वडील, लग्नानंतर मध्ये नवरा, आणि पासपोर्टवर हे मधलं नाव पहिल्या नावाला चिकटून बसतं. माझ्या मावसबहिणीची गोष्ट. तिच्या सासऱ्यांचं नाव दत्तात्रय. नवऱ्याच्या पासपोर्टवर इंग्रजीत शेवटी ‘ए’ नाही, लग्नाच्या दाखल्यावर आहे. त्या एका ‘ए’साठी प्रतिज्ञापत्र, दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा दाखला, पुन्हा शिक्के. सात आठवडे. कागद काढायला घेण्याआधी एका रविवारी दोघांचे पासपोर्ट आणि दाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. हे काम कुठलाही एजंट तुमच्याइतकं नीट करणार नाही.

‘पत्रिका आणि फोटो चालतात.’ चालतात, पण वॉर्ड ऑफिसात, दाखला काढायला. व्हिसाच्या खिडकीवर ते फार तर जोडीला. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, लग्नानंतर ९० दिवसांत नोंद करायची असते, उशीर झाला तर जादा फी भरून होते. पण उशीर झाला की माणसं शोधावी लागतात. तीन साक्षीदार हवेत, लग्न लावणाऱ्या भटजींची सही हवी. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. भटजी दादर सोडून नाशिकला मुलाकडे राहायला गेलेले. नवरा पहाटेच्या गाडीने जाऊन सही घेऊन आला, आणि वर त्यांनी ‘काही अडचण आहे का संसारात?’ असं काळजीने विचारलं.

दाखला हातात आला म्हणजे संपलं असंही नाही. बऱ्याच देशांना त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर, लागतं: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून या व्यवस्थेत आला. दुबईसाठी अपोस्टिलने भागत नाही, वकिलातीचा शिक्का वेगळा. गावी लग्न झालं असेल आणि ग्रामपंचायतीचा हाताने भरलेला मराठी दाखला असेल तर अधिकृत भाषांतरही आलं.

राहिला राजीनामा. मुंबईतल्या आयटी कंपन्यांत नोटीस तीन महिन्यांची, त्यामुळे घाई होते हे मला कळतं. पण पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत पत्र देऊ नका. अमेरिकेचंच बघा. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-फोरवाल्यांची ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद देण्याची सोय गेली, आता लहान मुलांसकट सगळ्यांना मुलाखतीला हजर राहावं लागतं. डिसेंबर २०२५ पासून त्यांची सोशल मीडियाची खातीही तपासतात. अशा दिवसांत ‘पुढच्या महिन्यात व्हिसा येईल’ या भरवशावर नोकरी सोडलेला माणूस सहा महिने घरात बसतो आणि येणारा-जाणारा विचारत राहतो, कधी निघताय?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही. काकांना वाईट वाटलं असतं. भाचीला फोन केला. म्हटलं, ऑफर लेटर वाचून दाखव. पगार, सुट्ट्या, विमा, सगळं छान. कराराची मुदत? ‘एक वर्ष, मावशी. पण एचआर म्हणाले, वाढवतातच. आणि यालाही ओपन वर्क परमिट मिळेल.’

जावई आर्किटेक्ट आहे, इथे स्वतःचं छोटं ऑफिस टाकलंय. तिला सांगितलं की कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही कंपनीत काम करायचा परवाना, आवळलंय. मुख्य माणसाचं काम कौशल्याच्या वरच्या दोन श्रेणींतलं किंवा ठरावीक यादीतलं हवं, ते तिचं आहे. पण जोडीदार अर्ज करेल तेव्हा तिच्या परमिटची निदान १६ महिने मुदत शिल्लक हवी. बारा महिन्यांच्या कराराला सोळा महिने कुठून शिल्लक राहणार?

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘याने ऑफिस भाड्याने द्यायचं बोलून ठेवलंय गं.’

त्याच रात्री तिने एचआरला मेल केली: करार दोन वर्षांचा करता येईल का, आणि जोडीदाराच्या अर्जाचा खर्च कोण करणार, दोन्ही लेखी कळवावं. जावयाने भाडेकरूला थांबायला सांगितलंय. एचआरचं उत्तर अजून यायचंय.