नाथसागराच्या काठावर गाडी घालणाऱ्यांसाठी

आज टाळकंच फिरलं. ग्रुपवर व्हिडिओ आलाय. नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयाच्या, काठावरून जीप सुसाट सुटलीय, पुढं पट्टकदंबांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या हंसांचा, थवा जीव घेऊन उडतोय, वर ढणढण गाणं. त्याला बदाम देणाऱ्यांत आपलीच माणसं! आधी ते बदाम काढा, मग माझ्याशी बोला.

मागच्या हिवाळ्यात आईला तिथंच नेलं होतं. गुडघ्यांमुळं तिला वेरूळच्या पायऱ्या होत नाहीत, गौताळ्याची चढण तर लांबच. इथं चढ नाही की पायरी नाही. बाभळींतून निघालेली पायवाट सरळ पाणी ओसरलेल्या काठाला लागते. थकली की टेकायची, परत उठायची. पाणी ओसरल्यावर गाळात पेरतात त्या गाळपेऱ्यातल्या हरभऱ्याच्या कडेला पट्टकदंब चरत होते. दुर्बीण डोळ्याला लावली आणि आई बोलायचीच थांबली. पांढऱ्या डोक्यावर काजळाची बोटं ओढल्यासारखे दोन काळे पट्टे, चोच पिवळी.

हिमालय ओलांडून येतात हो हे! उन्हाळ्याच्या तोंडाला तेवढंच अंतर परत कापायचंय. त्यासाठी इथं चरून अंगात ताकद साठवायची, आणि तुम्ही त्यांना रीलसाठी दहादा उठवणार? 1986 पासून अभयारण्य आहे ते, तुमचं मैदान नाही.

गाळपेऱ्याचे ट्रॅक्टर तिथं जातात, मान्य. त्यांचं पोट आहे त्यावर. तुमचं काय आहे?

त्या दिवशीही दोन पोरं मोटरसायकल घेऊन थेट पाण्यापर्यंत गेली. अख्खा थवा उठला. मी भांडायलाच निघाले होते, पण आईनं आधी हाक मारली, "कामून उठवलं रे लेकरांनो त्यांला? खात होते की बिचारे." पोरं वरमली. आईनं दुर्बीण एकाच्या हातात दिली. लांब पाण्यावर चक्रवाक होते, नारिंगी रंगाचे. पोरगं बघतच राहिलं. मग दोघांनी गाडी ढकलत बाभळींपर्यंत नेली, चालू केली नाही.

पोरं वाईट नसतात. जवळच्या गावातल्या पोरांनाही हे कुणी दाखवलेलं नसतं, याचा मला जास्त राग येतो. पर्यटन वाढलं तर गावात चार पैसे येतील, खरंय. पण म्हणून काठावर पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट नकोत. आईला चालायला ती मातीची वाट पुरली.

रविवारी पहाटे निघतेय. आईवडलांना घेऊन या, लेकरं आणा. गाड्या गावातच लावू. स्पीकर घरी ठेवा.