आमच्याच रानातली हळद, ३९.९५ डॉलर

३९.९५ डॉलर. आजच्या भावानं साडेतीन हजारांच्या आसपास. एवढे भरले तर नऊ पानांची एक पीडीएफ मिळणार. आणि त्या नऊ पानांत आहे काय, तर आमच्या आण्णांच्या रानातली हळद.

थांबा, नीट सांगते. डोकं तापलंय त्यामुळं उलटसुलट येतंय.

मागं एक पीएचडी करणारा मुलगा आमच्या गावात यायचा. हळदीची कंदकुज हा त्याचा विषय. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाचं पाणी साचून राहिलं की गड्डे आतनं सडतात, पानं कडेनं पिवळी पडत येतात, झाड ओढलं की अलगद हातात येतं. हळद लावणाऱ्याला हे सांगायला नको. कुठल्या संस्थेचा मुलगा ते लिहीत नाही, त्याचा इथं संबंध नाही. त्यानं आमच्या रानात वाफे आखले, खुंट्या ठोकल्या, पिशव्या भरून माती नेली. तुलनेसाठी काही वाफे बिनऔषधाचे ठेवावे लागतात म्हणाला. आण्णांनी ठेवले. त्या वाफ्यांतली हळद गेली ती गेलीच. तिचे पैसे कुणी मागितले नाहीत, कुणी दिलेही नाहीत. आई त्याला भाकरी-खर्डा खाल्ल्याशिवाय सोडायची नाही. शेवटच्या खेपेला जाताना म्हणाला, आण्णा, निकाल आला की पहिला तुम्हाला सांगतो.

आज दुपारी आण्णांचा फोन. पाऊस उघडायचं नाव घेत नाही आणि खालच्या अंगाची हळद पिवळी पडायला लागलीय. "त्यो मातीवाला पोरगा हुता बघ. त्येनं काय काढलं त्यातनं? तुझ्या मोबाईलवर घावतंय का बघ."

घावलं. परदेशी जर्नल म्हणजे संशोधनाचं नियतकालिक, सुंदर वेबसाइट, वर मुलाचं आणि त्याच्या गाइडचं नाव. सारांश फुकट वाचायला दिलाय. त्यात लिहिलंय की उपचारांमध्ये सार्थ फरक आढळला. कुठल्या उपचारांमध्ये? कुठला बरा, कुठला वाया? ते तक्ता ४ मध्ये. आणि तक्ता ४ कुलपाच्या आत.

मी गणित शिकवते. हिशोब मांडून बघितला. रान आण्णांचं. नुकसान आण्णांचं. मुलाची फेलोशिप सरकारी, म्हणजे तुमच्या-माझ्या करातली. लिहिलं त्यानं, प्रकाशकाकडनं एक पैसा न घेता. तपासलं इतर प्राध्यापकांनी, तेही बिनपैशात, कारण तशी रीतच आहे. मग हे साडेतीन हजार कुणाचे?

उद्या सांगलीच्या मार्केट यार्डात असा सौदा काढा म्हणावं. शेतकऱ्यानं हळद फुकट आणून टाकायची, हमालांनी फुकट उतरवायची, पारखणाऱ्यानं फुकट पारखायची, आणि अडत्यानं तीच हळद त्याच शेतकऱ्याला विकायची. दुसऱ्या दिवशी यार्डाला टाळं लागेल. विद्यापीठांत मात्र याला प्रतिष्ठा म्हणतात आणि त्यावर बढती मिळते.

आता कुणीतरी म्हणेलच की प्रकाशकांनाही खर्च असतो. असतो, मान्य. सर्व्हर असतात, माणसं असतात. पण एल्सेव्हियर हा जर्नलं छापणारा बडा प्रकाशक ज्या रेलेक्स कंपनीचा आहे, तिच्या वैज्ञानिक प्रकाशनाच्या विभागात १०० रुपयांच्या विक्रीमागं ३५ हून जास्त रुपये नफा सुटतो. हळदीत १०० मागं ३५ शेवटचे कधी सुटले, हे आण्णांना विचारून सांगते.

हळदीवरनं आणखी एक आठवलं आणि अजून संताप झाला. १९९५ साली अमेरिकेत, हळदीनं जखम भरते या 'शोधा'चं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावावर दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा महासंचालक होते. १९९७ साली ते रद्द झालं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी भाषणांत ऐकलीय, टाळ्या वाजवल्यात, सांगलीत तर जरा जास्तच. पण जिंकलो कशाच्या जोरावर? आमच्या आजीनं गुडघ्यावर हळद दाबली होती हे सांगून नव्हे. तिथं छापील पुरावा लागत होता. तेव्हा जुना संस्कृत मजकूर काढून दाखवला, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेख काढून दाखवला. कुणीतरी लिहून, छापून ठेवलं होतं आणि ते हाताला लागलं, म्हणून हळद आपली राहिली. आणि आज त्याच हळदीवरचं, त्याच सांगलीतल्या रानातलं काम आम्हाला हाताला लागत नाही.

रागारागात मी त्या मुलाला मेल केला. जरा लागेल असंच लिहिलं होतं. तासाभरात उत्तर आलं. "मॅडम, मी आता एका खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तिथं हे जर्नल येत नाही. माझाच पेपर मला उघडता येत नाही. माझ्याकडची प्रत जोडतोय. आण्णांना नमस्कार सांगा."

काय बोलणार. तासिका तत्त्वावर म्हणजे पगार कधी हातात पडतो हे माझ्या मित्रयादीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. त्यानंच पुढं लिहिलं की पेपर सगळ्यांसाठी खुला ठेवायची सोय त्या जर्नलात होती, पण त्यासाठी लेखकानंच काही हजार डॉलर भरायचे. म्हणजे वाचणारा पैसे देईल, नाहीतर लिहिणारा देईल, मधला कधीच देणार नाही. २०२१ साली 'नेचर' या नामांकित जर्नलनं ही सोय काढली तेव्हा दर ९,५०० युरो होता. आमच्या पोराला गाइड म्हणाले, पैसे भरायचे नाहीत, नाव मोठं आहे ना, छाप. त्यानं छापलं. मी तरी वेगळं काय केलं असतं?

प्रत उघडली. शेवटच्या पानावर आभार. "प्रयोगासाठी जमीन उपलब्ध करून देणाऱ्या शेतकऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत." इंग्रजीत, आणि हेही कुलपाच्या आत. म्हणजे आण्णांचे आभार मानलेत हे कळायलाही आण्णांनी पैसे भरायचे.

तक्ता ४ मधलं काढून मी आण्णांना फोनवर वाचून दाखवलं. गादीवाफ्यावरची लागण, निचऱ्याचे चर, लावायच्या आधी बेण्याला काय चोळायचं ते. आण्णांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे मे म्हयन्यात कळाय पायजे हुतं. आता बेणं मातीत हाय." राग आला नाही त्यांना. मलाच आला. हे सगळं आता मराठीत उतरवून गावच्या ग्रुपवर टाकतेय. पीडीएफ टाकणार नाही, नोटीस उगाच त्या मुलाला जायची. पण निष्कर्षावर कुणाची मालकी नसते, ते मी माझ्या शब्दांत सांगू शकते.

कमेंटमध्ये आता ती कझाकस्तानच्या बाईंची साइट येणार, मला माहीत आहे. अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली साय-हब काढली आणि कुलपातले कोट्यवधी पेपर प्रकाशकांना न विचारता सगळ्यांना फुकट मोकळे केले. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशक संस्था २०२० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती साइट भारतात बंद करायचा आदेश निघाला. याच न्यायालयानं २०१६ साली दिल्ली विद्यापीठात मुलांना पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून देणाऱ्या दुकानदाराच्या बाजूनं, प्रकाशकांच्या विरोधात निकाल दिला होता, तो आठवला की जीव हळहळतो. चोरी ती चोरी, असं म्हणणारे मित्र माझ्या यादीत आहेत. बरोबर आहे बाबांनो तुमचं. फक्त आधी चोरी कुणाची झाली ते तेवढं सांगा.

आणि हो, सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलं, म्हणजे जर्नलांची वर्गणी सगळ्या सरकारी संस्थांसाठी सरकारनंच एकदम भरायची, २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालं. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नलं, ६,३०० च्या वर सरकारी संस्था. ज्या मुलांना मिळालं त्यांचं भलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे भाडं आहे हो. मुदत संपली की पुन्हा भरा. आणि मिळतं ते सरकारी संस्थांत असणाऱ्यांना. त्या मुलाच्या खासगी कॉलेजचं काय? मिरजेत दवाखाने पायलीचे पन्नास, तिथं रात्री बारा वाजता एखादा अवघड पेशंट आलेल्या डॉक्टरांचं काय? आण्णांचं तर नावच काढायला नको. किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काल्यात रयत सुरू केली, ती ओळखपत्र बघून शिकवण्यासाठी नव्हती. तुमच्यापैकी किती जण त्या वसतिगृहांत वाढलात, मला नावानिशी माहीत आहे, म्हणून तुम्हाला हे पटवून द्यायच्या भानगडीत पडत नाही.

फुकट जर्नलांच्या नावाखाली पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानंही निघालीत, हेही ऐकून झालंय. निघालीत. बढतीसाठी त्यांना गिऱ्हाईक कुणी दिलं, ते स्टाफरूममध्ये विचारा. दुसरीकडं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची जर्नलं कुणीही घरबसल्या वाचू शकतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेची जर्नलं उघडी आहेत. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या खुल्या साइटवर प्रबंध आहेत. आमच्या मुलाचा सापडला नाही, पण हजारो आहेत. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

आता माझ्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींना एकच. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान खात्यांचं धोरण २०१४ पासून आहे, की त्यांच्या पैशातनं झालेल्या कामाची स्वीकृत प्रत सार्वजनिक भांडारात ठेवायची. बरेचसे परदेशी प्रकाशकही तुमची शेवटची हस्तलिखित प्रत काही महिन्यांनी उघडी करायला परवानगी देतात. पैसे लागत नाहीत. आजवर तुमच्यापैकी किती जणांनी ठेवली, हे मी चारचौघांत विचारत नाही. दिवाळीची सुट्टी येतेय. तुमचे जुने पेपर काढा, कुठला टाकता येतो ते बघा, आणि शेतावर, दवाखान्यात, गावात जाऊन केलेलं काम असेल तर एक पान मराठीत लिहून तिथल्या लोकांच्या हातात द्या. कसं टाकायचं कळत नसेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांकडं जा. त्यांना सगळं माहीत असतं, तुम्ही फक्त कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आठवड्यात त्यांच्याकडं जाता.