मान दुखावल्यावर तीन आठवडे पट्टा? हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, "मी सगळं यात लिहिलंय तसंच केलं, तरी मान वळत नाही." मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मेसेज मला याआधीही दोघा-तिघांनी दाखवलाय. त्यात लिहिलंय: गाडीला मागून धडक बसून मान दुखत असेल तर तीन आठवडे पट्टा काढू नका, मान हलवू नका. एक्स-रे नॉर्मल असेल तर काहीही झालेलं नाही. नंतर मान गोल गोल फिरवा, नसा मोकळ्या होतील. उशी कायमची बंद करा. तरीही आखडलेलीच राहिली तर जाणकाराकडून मान मोडून घ्या.

"तीन आठवडे पट्टा काढू नका." या बाई सिग्नलला थांबलेल्या रिक्षात होत्या आणि मागून टेम्पोने ठोकलं. हाड मोडलेलं नव्हतं. तरीही त्यांनी पट्टा तीन नाही, पाच आठवडे बांधला, कारण तो काढला की भीती वाटायची. आज रस्ता ओलांडताना त्यांना अख्खं अंग वळवून मागे बघावं लागतं. पट्ट्यात मानेचे स्नायू काम सोडून देतात, सांधे आखडतात आणि 'हललं की काहीतरी तुटेल' ही भीती मनात पक्की बसते. या भीतीला मी दुखण्याइतकंच गंभीर मानते. स्वीडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपघातानंतर चार दिवसांच्या आत काही रुग्णांना मानेची हळुवार हालचाल सुरू करून दिली: जागेपणी दर तासाला, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. विश्रांती, पट्टा आणि मग हळूहळू हालचाल असा सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांचं दुखणं जास्त कमी झालं. फ्रॅक्चर असेल किंवा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल, तर मात्र पट्टा स्वतःच्या मनाने काढायचा नाही.

"एक्स-रे नॉर्मल, म्हणजे काही झालं नाही." धडक बसते तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते, पण डोकं जागीच राहतं. क्षणभर मानेला इंग्रजी 'एस'सारखा बाक येतो आणि मग डोकं पुढे फेकलं जातं. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. यात ताणले जातात ते स्नायू, अस्थिबंध (लिगामेंट) आणि मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांची आवरणं, आणि एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे, उगाच कण्हतेय' असं घरात कुणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. उलट हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं, मानेच्या मधोमध हाडावर दाबलं की कळ येणं, मान दोन्हीकडे निम्मीही न वळणं, किंवा वय ६५च्या पुढे असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. व्यायामाचं नाव त्यानंतर.

"मान गोल गोल फिरवा." सुरुवातीच्या दिवसांत हे नको. गोल फिरवताना मान मागे झुकते आणि धडकेत जे सांधे चेपले गेले, त्यांच्यावरच पुन्हा भार येतो. एका वेळी एकच दिशा घ्या. मी शिकवते ते असं. पातळ उशी घेऊन पाठीवर झोपा. आधी फक्त डोळे उजवीकडे न्या, मग डोकं त्यांच्या मागोमाग सावकाश जाऊ द्या. पहिला ताण जाणवला की थांबा, परत मध्ये या, मग डावीकडे. दुसरा व्यायाम: कुणाला अगदी हळूच 'हो' म्हणावं तेवढीच हनुवटी आत घ्या, डोकं उशीवरून उचलू नका, पाच सेकंद धरा, सोडा. गळ्यावर बोटं ठेवून बघा, पुढचे स्नायू कडक होत असतील तर जोर जास्त लागतोय. तिसरा बसून करायचा: खांदे कानाकडे न चढवता खांद्याची पाती मागे-खाली घ्या. थोडं दुखलं तर चालतं, पण अर्ध्या तासात ते निवलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मान जास्त धरली असेल, तर व्यायाम बंद नाही करायचा, हालचाल निम्मी करायची. रोजचं चालणं, पोळ्या लाटणं, ऑफिसला जाणं जमेल तसं चालू ठेवा.

आणि हे मी माझ्या व्यवसायाच्या विरोधात जाऊन सांगते: वीस 'सिटिंग'चं पॅकेज घेतल्याशिवाय बरं होता येत नाही, असं नाही. ऑस्ट्रेलियात धडकेनंतर मानेचं दुखणं जुनं झालेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांतल्या वीस सत्रांनी, नीट समजावून दिलेल्या एका भेटीपेक्षा दुखणं जास्त कमी झालं नाही.

"उशी बंद." कशासाठी? कुशीवर झोपता तेव्हा खांद्याच्या उंचीइतका आधार मानेला हवाच. मान वाकडी होत नाही, ती उशी बरोबर.

"मान मोडून घ्या." संपूर्ण मेसेजमध्ये सगळ्यात धोक्याचं वाक्य हे आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. धडकेत धमनीच्या आतल्या थराला इजा झालेली असू शकते. अशा मानेला सलूनच्या खुर्चीत झटका दिला, तर तो थर फाटून गुठळी होऊ शकते आणि तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. अपघातानंतर किंवा मान मोडून घेतल्यानंतर कधी नव्हे अशी मान किंवा डोकं दुखायला लागलं, चक्कर येऊन तोल गेला, एकाचे दोन दिसले, जीभ जड झाली, चेहरा किंवा हात लुळा पडला, तर आडवं पडून बरं वाटायची वाट बघू नका. लगेच १०८ला फोन करा आणि मानेला झटका बसलाय हे डॉक्टरांना आधी सांगा.