आयपीए 'जितकी कडू तितकी भारी' नसते

गेले काही दिवस आमच्या नाशिकच्या ग्रुपांवर 'आयपीए प्यायची खरी पद्धत' असा एक मेसेज फिरतोय. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) जास्त घातलेली बिअर. मेसेजमध्ये म्हटलंय की ती हॉजसन नावाच्या इंग्रजाने भारतापर्यंतच्या बोटीच्या प्रवासात टिकावी म्हणून शोधली, आयबीयूचा, म्हणजे कडूपणाचा, आकडा जितका मोठा तितकी ती भारी, बर्फासारखी गार करून डायरेक्ट कॅनमधून प्यायची, वाईनसारखी ठेवली की मुरते, गढूळ दिसली तर परत करायची आणि मिसळीबरोबर घेतली की तिखट मारते. मला हॉप्सवाली बिअर मनापासून आवडते म्हणून राहवलं नाही, कारण हे ऐकून कोणी पहिल्यांदा आयपीए घेतली तर त्याला ती आवडणारच नाही.

आधी ते मुरण्याचं घेतो, कारण वाईनच्या गावात हे सगळ्यांना पटकन पटतं. पण आपल्याकडची शेनिन ब्लां ही पांढरी वाईनसुद्धा ताजीच प्यायची असते, आणि आयपीए तर त्याहून घाईची. हॉप्सचा वास देणारी तेलं सगळ्यात आधी उडतात, ऑक्सिजन आणि उष्णता लागली की अजून लवकर. मी फेब्रुवारीत एकाच तारखेचे दोन कॅन घेतले होते, एक फ्रिजमध्ये आणि एक किचनच्या वरच्या फळीवर, आणि एप्रिलअखेर दोन्ही शेजारी शेजारी ओतले. फ्रिजवाल्याला संत्र्याची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा वास, मागून थोडा पिकलेला आंबा. फळीवरच्याला मधासारखा गुळमट वास आणि त्याखाली ओला पुठ्ठा, रंगही जरा काळवंडलेला. कडूपणा मात्र दोन्हीत होता, म्हणजे नुसता कडूपणा बघितला असता तर दोन्ही बिअरी पास झाल्या असत्या. म्हणून वाईन शॉपमध्ये आधी पॅकिंगची तारीख बघा आणि फ्रिजमधलाच कॅन मागा.

आता आयबीयू. हा आकडा म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम आयसो अल्फा ॲसिड आहे ते, हॉप्स उकळले की ते तयार होतं. जिभेला काय लागेल ते हा आकडा एकटा सांगत नाही. ६० आयबीयूची दाट गोडसर स्टाउट (काळी बिअर) सौम्य लागू शकते आणि तेवढ्याच आयबीयूची हलकी कोरडी आयपीए टोचू शकते, कारण माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा कडूपणा झाकतो. शिवाय बिअर थंड झाल्यावर जे हॉप्स घालतात, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, त्यातून भरपूर वास येतो पण कडूपणा फार वाढत नाही, आणि सिट्रा, मोझॅक असल्या हॉप्सच्या जातींची सगळी मजा तिथेच आहे. कडू किती यापेक्षा कसं कडू ते बघा. मेथीच्या भाजीचं कडू घास गिळला की निघून जातं आणि परत घास घ्यावासा वाटतो, तसं हवं. घशात चिकटून बसलं, जीभ खरवडली, तर गडबड आहे, मग आकडा काही का असेना.

इतिहासाचं अर्धवट खरं आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, अठराव्या शतकाच्या शेवटी भारतात यायची, पण पेल एल आधीपासूनच होती आणि गरम देशात जाणाऱ्या बिअरला हॉप्स जास्त घालावेत हेही तेव्हाच्या ब्रुअर लोकांना ठाऊक होतं. त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कॅप्टन लोकांना लांबची उधारी द्यायचा, धंदा त्यावर वाढला. त्याच काळात पोर्टर नावाची काळी बिअरही बोटीने भारतात येतच होती. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावचे ब्रुअर या धंद्यात उतरले, त्यांच्या जिप्समच्या पाण्यात हॉप्स अजून खुलायचे.

बर्फासारखी गार तर अजिबात नको, नाकाला काहीच कळत नाही. ७ ते १० डिग्री पुरे, म्हणजे फ्रिजमधून काढून जरा वेळ थांबा. आणि ग्लास घ्या हो, कॅनच्या एवढ्याशा भोकातून काय वास येणार? गंगापूर रोडला वाईन टेस्टिंगला गेल्यावर आपण ग्लास फिरवून आधी नाक घालतो ना, तेच इथे करायचं, आणि घोट गिळल्यावर नाकाने हळूच श्वास सोडायचा, अर्धी चव तिथे सापडते.

गढूळपणाचं म्हणाल तर हेझी, म्हणजे मुद्दाम धूसर ठेवलेल्या, स्टाइलमध्ये ओट्स, गहू आणि भरपूर हॉप्समुळे ती तशीच असते. नितळ असायला हवी अशा बिअरमध्ये चोथ्यासारखे कण तरंगत असतील तर मात्र शंका घ्या.

आणि मिसळ? गॅस आणि अल्कोहोल दोन्हींनी तोंडातली जळजळ वाढते, वरून हॉप्सचं कडू. काळ्या रश्श्याच्या मिसळीबरोबर ताकच घ्या, आयपीए संध्याकाळी खारे शेंगदाणे घेऊन निवांत.